पदवीचा झगा आणि धबधब्याचं पाणी

नाही, मला एक सांगा, काळा झगा अंगावर चढवला की बाई लगेच संदेष्ट्री होते का हो? देवाचा निरोप घेऊन आलेली? वकील घालत नाहीत काळा झगा? न्यायाधीश घालत नाहीत?... बसा बसा, सरकून घ्या बाकावर, लाईट काही तासभर येत नाही, संगणक मेलाय, प्रिंटर मेलाय, तुमचे कागद कुठे पळून जात नाहीत... आणि पदवीधर घालत नाहीत? अहो, पदवी आहे ती, पदवी! छप्पन्नाव्या वर्षी घेतलेली!

तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं मी या झोम्बात, याच दुकानात, याच खुर्चीवर बसून लोकांचे प्रबंध टाईप करतेय. आधी टाईपरायटर होता, मग संगणक आला, खुर्ची तीच. या गावातून बाहेर पडलेले निम्मे पदवीधर माझ्या बोटांतून गेलेत! धापा टाकत यायचे, "अमाई, उद्या शेवटची तारीख, जरा हात चालवा ना!" आणि कागद बघावा तर 'निष्कर्ष' म्हणून वर लिहिलंय आणि खाली कोरं. कोरं म्हणजे अगदी धुतल्यासारखं! "अरे, निष्कर्ष कुठाय?" तर म्हणे, "अमाई, तुम्ही सगळं टाईप केलंयच, तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटतं! मला जे वाटलं त्यावर आज दोन माणसं प्राचार्य आहेत. नावं सांगत नाही. बाहेर बोलू नका.

तर म्हटलं, इतक्यांच्या पदव्या झाल्या, आता एक आपली. घातलं नाव. सकाळी दुकान, दुपारी दुकान, मधल्या वेळात अभ्यास, पत्राने धडे यायचे, पत्राने उत्तरं जायची, सहा वर्षं... आणि माझा प्रबंध मीच टाईप केला. निष्कर्षासकट!

आणि पदवीदानाच्या दिवशी काय झालं माहितीये? विद्यापीठाचं नाव मी घेणार नाही. त्यांनी माझं घेतलं नाही, मी त्यांचं का घेऊ? माझी धाकटी बहीण लिनिली मंगोचीहून पहाटेची बस धरून आली होती, नवं चितेंजे नेसून. आपल्याकडे काय असतं, पोरीचं नाव पुकारलं की घरच्या बायका जीभ नाचवून लुलुलुलु करतात, सगळ्या सभागृहाला कळलं पाहिजे हे पोरगं कुणाचं! लिनिली आठ दिवस सराव करत होती, तिचे शेजारी विचारायला आले होते की घरात कुणी गेलंय का. बरं. उकाड्यात तीन तास बसलो. मग एक चष्मेवाले उठले, "कला शाखा, दूरशिक्षण, उभे राहा." उठलो. चारशे तेरा जण. "तुम्हाला पदवी प्रदान करण्यात आली आहे. बसा." बसलो.

झालं!

चारशे तेरा माणसं एका झटक्यात, पोत्यासारखी! नाव नाही, गाव नाही! फिलेसी म्क्वेझालांबा... एवढं लांबलचक नाव बापाने काय फुकट ठेवलं होतं? सहा वर्षं मी आरशासमोर उभी राहून ऐकत होते, कसं म्हणतील ते, "म्क्वे" वर अडखळतील का... आणि ती लिनिली! तोंड उघडून बसलेली, जीभ वर लावलेली, नावाची वाट बघतेय! शेवटी तोंड मिटलं. घरी जाताना मिनीबसमध्ये म्हणते, "अक्का, माझं आतच अडकलं गं." अहो, पदवी आहे ती, पदवी! तिला एवढासा लुलू मिळू नये?

म्हटलं, जाऊ दे. एक माणूस आहे ज्याच्या तोंडून मला ते नाव ऐकायचंच आहे. एनाला! माझी बालमैत्रीण. शाळेत एका बाकावर, एका पाटीवर. तिने रेल्वेतला झांबियाचा नवरा केला आणि तीस वर्षांपूर्वी निघाली लिव्हिंगस्टनला. मी बसस्टँडवर रडतेय, आणि ही बया खिडकीतून डोकं काढून काय म्हणावी? "फिली, तू दुसऱ्यांच्या पदव्या टाईप करता करता म्हातारी होणार बघ!" आणि बस सुटली! मला उत्तरच देता आलं नाही! तीस वर्षं ते उत्तर माझ्या तोंडात आहे, तुम्हाला सांगते, दातात अडकलेल्या मक्याच्या सालीसारखं.

म्हटलं, जायचं. झगा घेऊन जायचं. जगात नाव असलेला धबधबा आहे तिथे, त्याच्यासमोर झगा घालून उभं राहायचं, एनालाने फोटो काढायचा आणि तिच्या तोंडाने म्हणायचं, फिलेसी म्क्वेझालांबा, पदवीधर. बस्स. तेवढ्यासाठी दोन दिवसांचा बसप्रवास.

आता झगा. तो मी भाड्याचा नाही घेतला हं, शिवून घेतला, व्हरांड्यातल्या साउका शिंप्याकडे. तो म्हणाला, "अमाई, चर्चच्या गायकांचे चाळीस शिवलेत मी, त्याच मापाने कापतो, चालेल?" मी म्हटलं चालेल. का म्हटलं? का म्हटलं मी चालेल? गळ्याशी रुंद पट्टी, बाह्या अशा की आत कोंबडी मावावी... आणि कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायची आपली रीत नाही, म्हणून सरोवराचा सुका उसिपा घेतला, तीन शेर. छान चांदीसारखे बारीक मासे. आणि पिशवी एकच. झगा आणि उसिपा, एकाच पिशवीत. हसू नका! झाकणाच्या डब्यात होता!

सीमेवर तो अधिकारी. "कशासाठी चाललात?" म्हटलं, बघायला. "कुणाला?" धबधब्याला. "आणि विकायला काय नेताय?" काही नाही. "मग आणायला काय जाताय?" काही नाही! "मग जाताय कशाला?" बघायला!! माझ्या मागे दोन गोरी पोरं उभी होती, अर्ध्या चड्डीवर, पाठीवर घराएवढं गाठोडं, त्यांना एक प्रश्न नाही, ठप्प ठप्प, शिक्के मारले, मजा करा म्हणाला! त्यांचं बघणं म्हणजे बघणं, आणि आमचं बघणं म्हणजे चोरटा धंदा? मग पिशवी उघडली. आधी वास आला, मग झगा निघाला. म्हणाला, "कुठलं चर्च?" म्हटलं, चर्च नाही. अहो, पदवी आहे ती, पदवी! तर म्हणतो, "या वयात?" आणि मारला शिक्का. शिक्का मारला म्हणून सोडला त्याला!

लिव्हिंगस्टनला पोचले तर एनाला स्टँडवर. जाड झालीय. मीही झालेय, पण ती जास्त. गळ्यात पडली, हुंदके दिले, आणि पहिलं वाक्य काय? "उसिपा आणलास ना?" मी म्हटलं आणला, आणि एनाला, तुला पत्रात लिहिलं होतं ना, की माझी... "चल चल, न्शिमा गार होतेय!" जेवताना म्हटलं, एनाला, गेल्या महिन्यात ना... "भाजी घे अजून!" दुसऱ्या दिवशी रेल्वेचं संग्रहालय. जुनी इंजिनं दाखवतेय, "हे बघ, माझ्या नवऱ्याने हे चालवलंय." मी म्हटलं, माणसाने आयुष्यात काहीतरी मिळवावं, नाही का... मुद्दाम, धागा दिला हो तिला! तर ती, "इंजिनाला हात लावू नकोस, काळं लागेल." बाजार दाखवला, चर्च दाखवलं, कोंबड्या दाखवल्या! अकरा कोंबड्या, प्रत्येकीचं नाव सांगितलं. प्रत्येकीचं! कोंबडीला नाव आहे! चार दिवस! एकदा तरी विचारावं ना माणसाने, फिली, झाली का गं पदवी? नाही! अक्षर नाही! मी म्हटलं, ही जळतेय. नक्की जळतेय. मैत्रीण कसली, भाजलेला मका आहे मका, वरून गोड, आतून करपलेला.

पाचव्या दिवशी धबधबा. आता, तुम्ही कुणी बघितलाय? नाही ना? मग नुसतं ऐका. धबधबा एक मैलभर आधीच अंगावर येतो. पाणी खालून वर उडतं, वरून खाली पडतं, आडवं येतं, आणि आवाज असा की शेजारच्याने शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. दारात भाड्याने रेनकोट देत होते. एनाला म्हणाली, घे. मी म्हटलं, रेनकोट? रेनकोटखाली झगा दिसणार कसा? मी काढला झगा, चढवला, लाल पट्टी नीट केली, टोपी घातली, गोंडा उजवीकडून डावीकडे घेतला... ते पदवी मिळाल्यावरच घ्यायचं असतं, मी वाचलंय... आणि गेले कठड्यापाशी. छाती अशी. म्हटलं, एनाला, काढ फोटो! आणि तिथे तो बबून!

माकड नाही, बबून! एवढा मोठा! कठड्यावर बसला होता, नाक उडवत. त्याला वास आला. उसिपाचा! टोपी नेमकी डब्याला चिकटून होती पिशवीत! आला, टोपी ओढली, आणि कठड्यावर बसून गोंडा चघळायला लागला. आणि तुम्हाला सांगते, टोपी त्याला बसली हो! सहा वर्षं शिकून जेवढी मला शोभली नाही तेवढी त्याला शोभली. त्याचंही नाव कुणी पुकारलं नाही म्हणा...

तर मी अशी, बिनटोपीची, चिंब, झगा अंगाला चिकटलेला, बाह्यांतून पाण्याच्या धारा, आणि तेवढ्यात समोरून एक बाई आली. चाळिशीची. डोक्यावर संत्र्यांची पाटी. पाटी उतरवली, प्लॅस्टिकमधला एक कागद काढला आणि मला द्यायला गुडघ्यावर बसली. आता मोठ्या माणसाला काही द्यायचं तर बाई गुडघे टेकते, यात नवल काय? मी हात वर केला, असा, अगं उठ उठ, ओलं आहे खाली! आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या मागे इंद्रधनुष्य पडलं.

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. काळा झगा. गुडघ्यावर बाई. वर केलेला हात. मागे इंद्रधनुष्य! आणि समोर कोण उभं? कुठल्याशा चर्चचं महिला मंडळ, सहलीला आलेलं, बत्तीस बायका, एकसारख्या निळ्या ब्लाऊजमधल्या, प्रत्येकीच्या हातात मोबाईल! एक किंचाळली, "संदेष्ट्री!" दुसरी म्हणाली, "अमाई, कुठल्या सेवाकार्यातल्या तुम्ही?" मी ओरडले, मी पदवीधर आहे! धबधब्याच्या आवाजात काय ऐकू जातंय? तिने मागे सांगितलं, "मोठ्या आहेत, फार मोठ्या आहेत!"

मी तो कागद घेतला. काय करणार, बाई गुडघ्यावर आहे! उघडला तर अर्ज. बाजारात बसायला पत्र्याचा गाळा मिळावा म्हणून. तीनदा नाकारलेला. वाचला, आणि माझं डोकंच फिरलं हो. एका पानात नऊ वेळा 'दया करा'! मी एकतीस वर्षं कागद बघतेय, मला सहन होत नाही. ओरडले, दया काढून टाक! आणि बत्तीस बायका एका सुरात, "आमेन!"

मी दचकले. पण थांबवेना. पाया पडते, हे काढून टाक! "आमेन!" मी गरीब अबला आहे, हे काढ! "आमेन!" अगं, तू बारा वर्षं त्याच झाडाखाली बसतेस, रोजची पावती फाडतेस, हे अगदी तळाला का लिहिलंयस? ते पहिल्या ओळीत लिही! "हालेलुया!" आणि खाली सही करताना 'आपली नम्र दासी' लिहू नकोस, आपलं नाव लिही! पूर्ण नाव! स्वच्छ! मोठ्या अक्षरात! बायका नाचायला लागल्या! अहो, खरंच नाचायला लागल्या, त्या पाण्यात!

मग काय, रांगच. एकाची टॅक्सी सुरू होत नव्हती. मी म्हटलं, बाबा, मी पदवीधर आहे, अहो पदवी आहे ती, पदवी! त्याने टोपी काढली, म्हणाला, "तरीपण बॉनेटला हात लावा." आणि एनाला? मैत्रीण? ती त्यांना सांगायचं सोडून काय करत होती? रांग लावत होती! "आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या, टॅक्सीवाले शेवटी! ढकलू नका, बाई दमतील!" आणि फोटो? एक! एकच काढला तिने! त्यात अर्धा तिचा अंगठा, अर्धं धुकं, आणि कोपऱ्यात स्वच्छ, सुरेख, टोपी घातलेला बबून.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. निघायच्या सकाळी बसस्टँडवर मात्र फुटले. पुन्हा बसस्टँड! या वेळी खिडकीत मी, खाली ती. म्हटलं, एनाला, सात दिवस! तुझ्या अकरा कोंबड्यांची नावं मला पाठ झाली. माझी पदवी एकदा तरी विचारलीस? जळतेस ना? सांग!

तिचे कमरेवर हात. "फिली, तू शिकलीस पण शहाणी नाही झालीस. तोंडावर कौतुक करायला मी काय लग्न जुळवतेय तुझं? ती संत्रीवाली धबधब्यावर कागद घेऊन सहज फिरायला आली होती होय? प्लॅस्टिकमध्ये घालून?"

मी डोकं खिडकीबाहेर काढलं.

"मी पाठवली तिला! महिनाभर साऱ्या बाजाराला सांगतेय, माझी फिली येतेय, पदवीधर, सहा वर्षं दिव्याखाली बसून झालेली, तिच्या हातून अर्ज गेला तर परत येत नाही. टॅक्सीवाल्याला सांगितलं, शाळेत सांगितलं, फादरना सांगितलं, कोंबड्यांना सांगितलं! फक्त तुला नाही सांगितलं. तू आधीच किती फुगलीयस, बसच्या दारातून आत कशी गेलीस तेच मला कळत नाही!"

आणि बस सुटली.

पुन्हा! अहो पुन्हा बस सुटली! आणि मला पुन्हा उत्तर देता आलं नाही! फरक इतकाच, या वेळी उत्तर नव्हतंच. नाक पुसायला रुमाल शोधत होते तर हाताला झगा लागला. त्यानेच पुसलं. वास होता थोडा, पण पुसलं.

आता संपलं म्हणाल. कुठलं संपतंय! दुसऱ्या दिवशी सीमा. सगळी बस खाली, साठ माणसं रांगेत, पासपोर्ट आत गेलेले. आणि तोच अधिकारी, जातानाचा, बाहेर आला. हातात माझा पासपोर्ट, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलकडे बघतो, रांगेकडे बघतो. म्हटलं, आलं! त्या बत्तीस बायकांनी ते फोटो साऱ्या जगाला पाठवलेत, आणि आता हा म्हणणार, बघायला जाते म्हणून सांगितलंत आणि परवान्याशिवाय प्रवचन केलंत, चला आत. छप्पन्नाव्या वर्षी पदवी आणि छप्पन्नाव्याच वर्षी कोठडी! त्याने घसा खाकरला. आणि काय आवाज लावलाय म्हणता! सभागृह भरून जावं असा!

"संदेष्ट्री... फिलेसी... म्क्वेझालांबा!"

न अडखळता! "म्क्वे" सुद्धा सरळ! साठ माणसं वळून बघतायत, मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि मागून कुणीतरी, आमच्याच बसमधली, भुईमुगाचं पोतं घेऊन चढलेली म्हातारी, तिने जीभ उचलली आणि... लुलुलुलुलुलु! मग दुसरी, मग सगळ्याच! तुम्हाला खरं सांगते, माझ्या डोळ्यांना काही दिसेना. तसाच फोन काढला, लिनिलीला लावला आणि हातात वर धरला. ती पलीकडून काही विचारतेय, आणि मग फोनमधून, एवढ्याशा त्या फोनमधून, मंगोचीहून, आठ दिवस सराव केलेला आणि आत अडकलेला, सगळाच्या सगळा बाहेर आला! तो अधिकारी दोन पावलं मागे सरकला!

पुढे जाऊन मी हळूच म्हटलं, साहेब, संदेष्ट्री नाही हो. पदवी आहे ती, पदवी. त्याने इकडेतिकडे बघितलं, टेबलाचा खण उघडला आणि एक कागद सरकवला. बदलीचा अर्ज. चार वर्षांत पाचव्यांदा केलेला. बारीक आवाजात म्हणतो, "अमाई, यातली दया काढायची का?"

काढली. उभ्या उभ्या, काउंटरवर. अकरा होत्या.

तर असा हिशेब आहे बघा. विद्यापीठाने पदवी दिली आणि नाव घेतलं नाही. सीमेवरच्या माणसाने नाव घेतलं आणि पदवी दिली नाही. दोन्ही एका जागी मिळेल असं ठिकाण या खंडावर असेल तर मला सांगा, मी बस पकडते, झगा धुऊन ठेवलाय... आली! लाईट आली! चला, उठा, कोण पहिलं? तुम्ही? आणा इकडे तो कागद. बघू... अहो, पहिल्याच ओळीत दया? काढा आधी ती दया!

... "आमेन" कोण म्हणालं?